जखमेचा हिशोब आणि म्हातारपणाचा

मैसूरला एनसीसीत बदली झाल्यावर एकदा आईला फोनवर सांगितलं, "उद्या बेळगोळला चाललोय." ती म्हणाली, "अरे वा, गोमटेश्वराला नमस्कार सांग." मराठी माणसाला बेळगोळ म्हटलं की श्रवणबेळगोळच आठवतं. गंग राजांचा सेनापती चावुंडराय, त्याने उभी केलेली ती प्रचंड मूर्ती आणि तिच्या पायाशी कोरलेला मराठीतला एक अगदी जुना शिलालेख. एका सैनिकाचं नाव हजार वर्षं टिकलं, तेही आपल्या भाषेत.

मी ज्या बेळगोळला जात होतो ते हे नव्हे. मैसूरहून कृष्णराजसागर धरणाकडे निघालं की वाटेत लागणारं हे साधं गाव. तालुका श्रीरंगपट्टण, जिल्हा मंड्या, पण रोजचा व्यवहार सगळा मैसूरशी. त्याच्याच नावाची औद्योगिक वसाहत शहराच्या कडेला आहे. तिथल्या एका कारखान्यात गडहिंग्लजकडचा एक मुलगा फिटर आहे. त्याचे वडील म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीतले निवृत्त हवालदार. त्यांना मी आबा म्हणतो. मुलाने बेळगोळ गावात घर भाड्याने घेतलंय, आणि आबा-आज्जी गेली चार वर्षं तिथं राहतात.

आबा 1962 च्या शेवटी बेळगावला भरती झाले, 1971 च्या लढाईत मांडीत तोफगोळ्याच्या किरचा घुसल्या, आणि 1980 मध्ये पेन्शनवर आले. आता वय ब्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. त्यांना उठवणं, संडासला नेणं, अंघोळ, कपडे, घास भरवणं, सगळं आज्जी करतात. त्या शहात्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या कंबरेला पट्टा आहे.

मी गेलो तेव्हा आबांनी डाव्या हाताने सलाम केला. जीभ थोडी जड झालीय, पण डोकं लख्ख आहे. बोलता बोलता म्हणाले, "साहेब, एक विचारू का? मला जखमेचं पैसं मिळत्यात. ती जखम तर कवाच बरी झाली की. आता जे झालंय, त्येचं कायच मिळत न्हाई. हे कसं काय?"

मी तेव्हा काहीतरी सरकारी उत्तर दिलं. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. आज लिहितोय ते त्याच्याबद्दल. उत्तर शोधताना साडेतीनशे वर्षं मागं जावं लागलं.

सैनिकाला लढाईनंतर काय द्यायचं, याची मराठीतली एक स्पष्ट जुनी नोंद सभासदाच्या बखरीत आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने ती सतराव्या शतकाच्या शेवटी जिंजीत, राजाराम महाराजांच्या पदरी असताना लिहिली. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली अफझलखानाचा निकाल लागल्यावर महाराजांनी काय केलं, हे तो सांगतो. जे पडले त्यांच्या मुलांचा सांभाळ केला. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना नवऱ्याच्या निम्मं वेतन चालू केलं. जे जखमी झाले त्यांना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत दिलं.

पेन्शनच्या कागदांशी ज्याचा संबंध आला आहे त्याने हे तीन नियम पुन्हा वाचावेत. मुलांचा सांभाळ, विधवेला निम्मं वेतन, आणि जखमेच्या प्रमाणात रक्कम. आजचं फॅमिली पेन्शन आणि मेडिकल बोर्डाची टक्केवारी यांचं मूळ रूपच जणू. पुढे पेशवाईत लढाईत पडलेल्याच्या लेकरांसाठी जी नेमणूक होई तिला 'बालपरवेशी' म्हणत. मोठ्या पराक्रमाला इनाम जमीन मिळे.

पण या यादीत चौथा माणूस नाही. जो पडला नाही, ज्याला मोठी जखम झाली नाही, जो वीस-पंचवीस वर्षं चाकरी करून फक्त म्हातारा झाला, त्याचं काय? त्याची चिंता राज्याने करावी असं कोणाच्या मनात येण्याचं कारणही नव्हतं. शिपाई बहुधा शेतकरी होता. पावसाळ्यात घरी, दसऱ्यानंतर मोहिमेवर. म्हातारा झाला की भाला खुंटीला टांगायचा आणि ओसरीवर बसायचं. सांभाळायला लेक, सुना, पुतणे, भावकी. वाडा भरलेला असे. म्हातारपण हा घराचा खर्च होता, राज्याचा नव्हता.

युरोपात याच सुमारास वेगळा विचार सुरू झाला, कारण तिथं वर्षभर पगारावर राहणारी खडी फौज उभी राहत होती आणि निवृत्त शिपायाला परत जायला शेत नव्हतं. चौदाव्या लुईने 1670 मध्ये पॅरिसला 'इनव्हॅलिड्स' उभारायला घेतलं. दुसऱ्या चार्ल्सने 1682 मध्ये लंडनजवळ चेल्सीला म्हाताऱ्या सैनिकांसाठी आश्रम सुरू केला, तो आजही चालू आहे. तिथं राहायला जाणारा आपलं पेन्शन सोडून देतो आणि त्याच्या बदल्यात छप्पर, जेवण, लाल कोट आणि शुश्रूषा मिळते. पैशाऐवजी माणसाचे हात.

हाच विचार ईस्ट इंडिया कंपनीबरोबर आपल्याकडे आला, पण अर्धाच. मीर जाफरने क्लाइव्हच्या नावे पाच लाख रुपये ठेवले होते. त्यातून 1770 मध्ये 'लॉर्ड क्लाइव्ह फंड' निघाला, कंपनीच्या अपंग गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी, सोल्जरांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी. पैसा बंगालचा, पण देशी शिपाई त्यात बसत नव्हता.

आता बेळगोळच्या शेजारी येऊ. इथून श्रीरंगपट्टणचा किल्ला जवळच आहे. मी सुट्टीच्या दिवशी कॅडेट्सना तिथं घेऊन जातो, आणि टिपूची गोष्ट सांगताना एक गोष्ट आवर्जून जोडतो. 1799 मध्ये या किल्ल्यावर दोन फौजा चालून आल्या. एक मद्रासहून, जनरल हॅरिसची. दुसरी मुंबई इलाख्याची, जनरल स्टुअर्टची, कन्नूरकडून कोडगूचा घाट चढून आलेली. 6 मार्चला सिद्धेश्वरजवळ टिपू स्वतः या मुंबईच्या फौजेवर तुटून पडला आणि देशी पलटणींनी तो हल्ला परतवला. त्या पलटणींत कोकणातले आणि देशावरचे आपले लोक होते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बॅटल ऑनर्समध्ये 'सीदासीर' आणि 'सेरिंगपटम' ही नावं आहेत ती यामुळेच. सीदासीर म्हणजे हे सिद्धेश्वर.

4 मे 1799 ला किल्ला पडला आणि लुटीची वाटणी झाली. हॅरिसच्या वाट्याला सुमारे एक लाख त्रेचाळीस हजार पौंड आले, साध्या देशी शिपायाच्या वाट्याला पाचेक पौंड. कॅडेट्स यावर हसतात. पण त्या शिपायाच्या दृष्टीने पाच पौंडांपेक्षा दुसरी एक गोष्ट महत्त्वाची होती. कंपनी आता देशी शिपायालाही, नोकरीला नालायक ठरल्यावर, दरमहा काहीतरी देऊ लागली होती. शिपायाचा पगार सात रुपये असताना हे पेन्शन चार रुपयांच्या आसपास असे. रक्कम लहान, पण मरेपर्यंत आणि नियमाने. लूट एकदा मिळते. पेन्शन दर महिन्याला येतं, आणि त्याच्या भरवशावर सावकारही उधार देतो. कंपनीला रांगा भरायला माणसं कमी पडली नाहीत याचं एक मोठं कारण हे होतं.

त्या चार रुपयांनी काय केलं हे बघायचं तर दापोलीला जावं. 1818 नंतर दक्षिण कोकणात कंपनीने दापोलीला लष्करी ठाणं केलं. 'काप दापोली' हे नाव कॅम्पवरून पडलेलं. पुढे तिथं जुन्या शिपायांची पलटण राहिली, ठाणं उठलं तरी पेन्शनर राहिले. गोपाळबाबा वलंगकर हे तिथलेच निवृत्त सैनिक. सुभेदार-मेजर रामजी सकपाळ निवृत्त झाल्यावर कुटुंब घेऊन दापोलीला आले, आणि त्यांच्या धाकट्या मुलाचं बालपण काही काळ तिथं गेलं. तो मुलगा म्हणजे भीमराव. दर महिन्याला येणारा रोख पैसा, गावच्या पाटलाच्या मर्जीवर अवलंबून नसलेला. ज्या घरांना गावात पाणी मिळत नव्हतं त्या घरांत त्या पैशाने पाटी-पुस्तकं आली. 1892 मध्ये महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा याच पेन्शनरांनी अर्ज-विनंत्यांची मोहीम उघडली. भरती गेली म्हणजे पुढच्या पिढीची पेन्शनही गेली, हे त्यांना इतर कोणाहीपेक्षा नीट कळत होतं.

पहिल्या महायुद्धाने संख्या वाढवली. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर भागातून हजारोंनी माणसं मेसोपोटेमियाला गेली, आणि परत आलेल्यांची विचारपूस करायला 1919 मध्ये 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' निघालं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड आणि आपल्या जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय ही त्याचीच पुढची रूपं.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेली. युद्ध संपल्यावर बहुतेकांना घरी पाठवलं. चार-पाच वर्षांची नोकरी. पंधरा वर्षं झाली नाहीत म्हणून पेन्शन नाही, हातात थोडी ग्रॅच्युइटी आणि दोन-तीन पदकं. आमच्या गावात असे एक आजोबा होते. टोब्रुकच्या गोष्टी सांगायचे आणि शेवटपर्यंत दुसऱ्याच्या शेतात राखणीला जायचे. पंधरा वर्षांची ही रेघ आजही आहे, आणि तिच्या अलीकडे थांबलेली माणसंही आहेत.

स्वातंत्र्यानंतर मात्र चौथ्या माणसाकडे, म्हणजे फक्त म्हाताऱ्या झालेल्या सैनिकाकडे, हळूहळू लक्ष गेलं. 17 डिसेंबर 1982 ला सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात निकाल दिला. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे, हे तत्त्व त्यात पक्कं झालं. घटनापीठाचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. 1 एप्रिल 2003 पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आली. सहाव्या वेतन आयोगाने वयाचा स्वतंत्र विचार केला. ऐंशी वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या 20 टक्के जादा, पंच्याऐंशीला 30, नव्वदला 40, पंच्याण्णवला 50, आणि शंभरीला मूळ पेन्शनच्या दुप्पट. विधवेच्या फॅमिली पेन्शनलाही हेच लागू. त्यानंतर 1 जुलै 2014 पासून वन रँक वन पेन्शन.

म्हणजे राज्याने चौथा माणूस पाहिला. पण आबांचा प्रश्न पाचव्या गोष्टीचा होता. पैसे थोडे वाढले, पण उचलून बसवणारा माणूस कोण देणार?

आपल्या नियमांत असा एक भत्ता आहे. नाव 'कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स', म्हणजे सतत सोबत माणूस ठेवण्याचा भत्ता. 1 जुलै 2017 पासून तो महिना 6750 रुपये झाला, आणि महागाई भत्ता ठरावीक टप्पा ओलांडतो तेव्हा तोही वाढतो. पण तो मिळतो शंभर टक्के अपंगत्व असलेल्याला, ते अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलेलं असेल तर, आणि मेडिकल बोर्डाने सोबतीच्या माणसाची गरज लिहून दिली तर. जखम पाहून रक्कम, हा सभासदाच्या बखरीतलाच नियम. आबांच्या मांडीतल्या किरचा सेवेतल्या, त्यांची टक्केवारी ठरली, पैसे येतात. अर्धांगाचा झटका ऐंशीव्या वर्षी घरी आलेला. तो सेवेतला नाही.

ईसीएचएसमधून आबांची औषधं, तपासण्या, दवाखाना होतो, आणि तो फार मोठा आधार आहे, हे मी स्वतः पाहिलंय. पण ती आजाराची योजना आहे. रोज सकाळी घरी येऊन अंघोळ घालणाऱ्या बाईचा पगार देण्यासाठी ती बनलेली नाही. मैसूरमध्ये चौकशी केली तर दिवसाच्या बारा तासांना महिना अठरा हजार सांगितले.

अमेरिकेत याच्या उलट एक तरतूद आहे. तिथल्या युद्धकाळात सेवा केलेल्या माजी सैनिकाचं उत्पन्न आणि मालमत्ता ठरावीक मर्यादेत असेल, आणि त्याला अंघोळ, कपडे, जेवण यासाठी दुसऱ्याची मदत लागत असेल, तर पेन्शनवर 'एड अँड अटेंडन्स' म्हणून जादा रक्कम मिळते. दुखणं लष्करी सेवेतून आलेलं असण्याची अट नाही. विचारलं जातं ते एवढंच की तू सैनिक होतास का, तुला हात लागतात का, आणि तुला ते परवडतात का. तिथंही कागदांचा डोंगर आहे, नाही असं नाही. पण प्रश्न योग्य विचारला आहे.

आपल्याला हे जमत नाही असं मला वाटत नाही. पुण्यात खडकीला 1974 पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणका दुखावलेले सैनिक तिथं राहतात, व्हीलचेअरवर खेळतात, काम शिकतात. अकादमीत असताना आम्हाला तिथं एकदा नेलं होतं. वीस वर्षांच्या पोराला जो पहिला धडा मिळतो तो लढाईचा असतो, तिथं मला दुसरा मिळाला. पण खडकीतही पुन्हा जखमच लागते. म्हाताऱ्या झालेल्या जवानासाठी खडकी नाही. सभासदाच्या काळात त्याला ओसरी होती. आज ओसरीवरची सून कारखान्यात शिफ्टला आहे, पुतणे पुण्यात, भावकी गडहिंग्लजला. आणि शहात्तर वर्षांची आज्जी कंबरेला पट्टा लावून ऐंशी किलोचा माणूस उचलतेय. घराचा जो खर्च राज्याच्या हिशोबात कधी धरला नव्हता, तो आता घरात भागत नाही. नियम लिहिणाऱ्यांनी हे एकदा बघायला हवं.

तोवर जे आहे ते तरी पदरात पडावं. आबांची फाइल उघडली तर पहिल्याच पानावर घोळ. जुन्या पीपीओवर जन्मतारीखच नाही. त्यामुळे ऐंशी पूर्ण होऊन दोन वर्षं झाली तरी 20 टक्के जादा पेन्शन सुरूच झालेलं नव्हतं. डिस्चार्ज बुकात भरतीच्या वेळची जन्मतारीख होती. तिची प्रत, आधार, अर्ज, रेकॉर्ड ऑफिसला पत्र, असं पाच महिने चाललं. शेवटी महिन्याला चार हजारांच्या आसपास वाढ आणि मागची थकबाकी मिळाली. आता सकाळी तीन तास एक बाई येते. आबांची अंघोळ ती घालते.

हे वाचणाऱ्यांत माजी सैनिक असतील, त्यांची मुलं असतील. घरातली फाइल या आठवड्यात काढा आणि इतकं बघा.

पीपीओवर आणि स्पर्श प्रणालीत सैनिकाची आणि पत्नीची जन्मतारीख आहे का. पत्नीचं नाव आधारवर, बँकेत आणि लष्करी कागदांत अगदी एकसारखं आहे का. ऐंशी उलटली असेल तर जादा पेन्शन सुरू झालंय का. हयातीचा दाखला दरवर्षी वेळेवर जातो का. ईसीएचएस कार्डावर पत्नी आहे का. अपंगत्व शंभर टक्के ठरलेलं असेल तर सोबतीच्या भत्त्याची शिफारस बोर्डाच्या कागदावर आहे का.

आणि तुमच्या गावात पंधरा वर्षांच्या रेघेअलीकडे थांबलेला, पेन्शन नसलेला कोणी म्हातारा सैनिक असेल, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचा आणि पासष्टच्या पुढचा, तर त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. केंद्रीय सैनिक बोर्डाचं 'पेन्युरी ग्रँट' महिना चार हजार होतं, ते नोव्हेंबर 2025 पासून आठ हजार झालं आहे. तो स्वतः जाणार नाही. मागायची त्याला लाज वाटते. तुम्ही न्या.

मागच्या रविवारी निघताना आज्जी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "साहेब, ह्येंचं सगळं कागद झालं. आता माझ्या नावाचं पण बघा की. आधारावर लक्ष्मीबाई हाय, पलटणीच्या कागदात नुसतं लक्ष्मी. मागनं मला कोण वळखणार?"

मी गाडीतून बॅग परत काढली आणि बसलो. तो अर्ज त्याच दिवशी लिहिला.

जय हिंद.